आतल्या माणसाकडून नेमकं काय शिकायचं?



लातूरच्या व्याख्यानानंतर एक मुलगा माझ्यासाठी थांबला होता. अहमदपूरकडचा, वय बावीस-तेवीस. म्हणाला, "सर, मार्केट मेकर आपल्याला कसा खेळवतो हे आतल्या माणसाकडून शिकून घेतलं, तर त्याला हरवता येतं का?" मी विचारलं, "आधी हे सांग, किती गेले?" तो हसला. मग खाली बघून म्हणाला, "सोयाबीनची पट्टी आली होती. दोन लाख चाळीस हजार. वडिलांना अजून सांगितलं नाही."

हॉल रिकामा करायचा होता, त्याला धड उत्तर देता आलं नाही. आज नांदेडला ते पुरं करायचा प्रयत्न करतो. ही व्याख्यानं नंतर लिहून ऑनलाइन येतात, तेव्हा त्याच्याही वाचनात येईल अशी आशा आहे.

एक आधीच सांगतो. मी टिप देणारा माणूस नाही. तीस वर्षं वाणिज्य शिकवलं, आता निवृत्त आहे. आज मला एका प्रकारच्या लिखाणाची आणि शिकवणीची समीक्षा करायची आहे. 'मी आत होतो, आतलं सगळं पाहिलंय, आता तुम्हाला सांगतो' असं म्हणणारी पुस्तकं, व्हिडिओ, क्लास. यातलं खरं किती आणि आपल्या कामाचं किती, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या भागात हा प्रकार इतका का चालतो? मला वाटतं त्याचं एक कारण आपल्या अभिमानातच आहे. लातूर पॅटर्नने आपल्याला एक श्रद्धा दिली. चांगला क्लास, चांगल्या नोट्स, भरपूर सराव, मग कुठलाही पेपर सुटतो. ही श्रद्धा खोटी नाही. कंधारची, निलंग्याची कितीतरी पोरं तिच्या जोरावर डॉक्टर झाली. पण परीक्षेत एक गोष्ट असते जी बाजारात नसते. तुम्ही नापास झालात तर पेपर काढणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. बाजारात तुमच्या प्रत्येक सौद्याच्या पलीकडे कुणीतरी बसलेला असतो आणि ऑप्शनसारख्या व्यवहारात तुमचा तोटा हीच त्याची कमाई असते. पेपर फोडायची सवय लागलेल्या मनाला वाटतं, पलीकडच्याची पद्धत कळली की झालं.

तर आधी हा पलीकडचा कोण ते बघू.

मार्केट मेकर म्हणजे दोन्ही भाव सांगणारा. जुन्या मोटारसायकलींचा व्यापारी आठवा. तुमची गाडी तो चाळीसला घेईल, तीच पंचेचाळीसला विकेल. गाड्या महागणार की स्वस्त होणार यावर त्याची कमाई नाही. रोज गाड्या येत-जात राहाव्यात एवढंच त्याला हवं असतं. मुंबईच्या शेअर बाजारात १९९५ साली संगणक आले, तोवर रिंगणात उभं राहून हेच काम करणारी माणसं होती. त्यांना जॉबर म्हणत, आणि बाजाराच्या बोलीत तारवणीवाला. आज ते काम यंत्रं करतात.

आकडा घालून बघू. एका ऑप्शनचा घ्यायचा भाव ५० रुपये ५० पैसे आणि द्यायचा ५०. फरक फक्त अर्ध्या रुपयाचा. एका लॉटमध्ये ७५ नग धरले तर एक फेरी साडेसदतीस रुपयांना पडली. दिवसाला दहा फेऱ्या मारल्या तर ३७५. महिन्याला वीस दिवस, ७,५००. भाव जिथल्या तिथे राहिला, तुमचा अंदाज ना चुकला ना बरोबर आला, तरी लाखाच्या भांडवलातून महिन्याला साडेसात टक्के गेले. दलाली आणि कर अजून धरलेच नाहीत. मंडळी, मार्केट मेकरचं खरं गुपित हे एवढं आहे. तो तुमच्या मागे लागलेला नाही. तुम्ही फेऱ्या मारताय, त्याचा टोल तो घेतोय.

मग क्लासमध्ये काय शिकवतात? तो तुमचा स्टॉपलॉस बघतो, मुद्दाम भाव तिथपर्यंत खाली नेतो, तुम्हाला बाहेर काढतो आणि मग वर नेतो. 'स्मार्ट मनी'च्या पावलांचे ठसे म्हणे चार्टवर दिसतात. ही गोष्ट इतकी पटते, कारण प्रत्येकाला तसा अनुभव आलेला असतो. मी विकलं आणि भाव वर गेला. पण हजारो लोकांनी एकाच ठरावीक जागी स्टॉपलॉस लावले, तर भाव तिथे पोचल्यावर विक्रीची लाट येणारच. त्यासाठी कुणी आपलं नाव घेऊन शिकार करायला लागत नाही.

ही कल्पना आली कुठून, याचा माग काढला तर आपण शंभर वर्षं मागे जातो. एडविन लेफेव्हर नावाच्या पत्रकाराचं 'रेमिनिसन्सेस ऑफ अ स्टॉक ऑपरेटर' हे पुस्तक १९२३ साली अमेरिकेत निघालं. नायकाचं नाव बदललेलं आहे, पण तो जेसी लिव्हरमोर आहे हे सगळ्यांना माहीत होतं. जगभरच्या ट्रेडिंग क्लासमध्ये हे आजही पहिलं पुस्तक म्हणून सांगितलं जातं. ते वाचावं असंच आहे, पण नीट वाचावं.

त्याच्या सुरुवातीला बकेट शॉप नावाची दुकानं येतात. फळ्यावर भाव लिहिलेले असत. तुम्ही पैसे भरून घेतलं म्हणायचं, पण खऱ्या बाजारात ऑर्डर जातच नसे. सौदा दुकानदाराशीच. म्हणजे आपल्याकडे ज्याला डबा ट्रेडिंग म्हणतात, तेच. आता डब्यात काय होतं? दुकानदाराला तुमचा सौदा दिसतो, अनामत किती ते माहीत असतं, किती उतरलं की तुम्ही साफ होता तेही माहीत असतं. तुमची शिकार करणारा माणूस तिथे खरोखरच आहे. परवान्याविना चालणाऱ्या काही परकीय चलनाच्या ॲपवरही असंच होऊ शकतं, कारण तिथेही पलीकडे ॲपवालाच असतो. म्हणजे ती भीती पूर्ण खोटी नाही, ती चुकीच्या पत्त्यावर नेऊन ठेवली आहे. डब्यात तुम्हाला शोधणारा असतो, आणि त्याला ओळखायची युक्ती शिकण्यापेक्षा त्या दुकानाची पायरी न चढणं हाच उपाय. डबा बेकायदा आहे, पैसे बुडाले तर दाद मागायलाही जागा नाही.

लेफेव्हरच्या पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग शेवटाकडे येतो. जेम्स कीन या जुन्या खेळाडूने १९०१ साली यू. एस. स्टीलच्या शेअरना बाजार कसा तयार करून दिला, त्याची हकीकत आहे. मोठ्या माणसाला माल विकायचा असतो तेव्हा तो आधी वर्दळ तयार करतो. खरेदी-विक्रीची गजबज दिसली की लोक आपोआप येतात, आणि मग त्या गर्दीत माल हळूहळू खपवला जातो. म्हणजे हालचाल हेच आमिष. ही आतल्या माणसाची खरी शिकवण. आता विचार करा, ज्या क्लासमध्ये हे पुस्तक वाचायला सांगतात, त्याच क्लासमध्ये 'जिथे व्हॉल्यूम दिसेल तिथे घुसा' असंही शिकवतात. पुस्तक वाचलं कुणी?

आणि त्या पुस्तकाच्या मलपृष्ठापलीकडची गोष्ट सांगायची राहूनच जाते. लिव्हरमोर १९२९ च्या पडझडीत अफाट श्रीमंत झाला, १९३४ साली दिवाळखोर झाला, १९४० साली त्याने स्वतःला संपवलं. बाजाराच्या आतलं त्याच्याइतकं क्वचितच कुणाला माहीत असेल. आतलं माहीत असणं पुरेसं असतं, तर तो वाचला असता.

आता आपल्या देशातलं, अगदी अलीकडचं उदाहरण. मला वाटतं आतल्या माणसांकडून शिकण्याबद्दल याहून चांगला धडा नाही.

एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एक दावा दाखल झाला. जेन स्ट्रीट ही मोठी ट्रेडिंग कंपनी. तिचे दोन ट्रेडर नोकरी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. जेन स्ट्रीटचं म्हणणं, यांनी आमची मौल्यवान गुप्त पद्धत पळवली. सुनावणीत बोलता बोलता बाहेर आलं की ही पद्धत भारतातल्या ऑप्शनची आहे आणि २०२३ या एका वर्षात तिच्यातून सुमारे शंभर कोटी डॉलर मिळाले आहेत. इकडे सेबीचं लक्ष गेलं. ३ जुलै २०२५ रोजी सेबीने अंतरिम आदेश काढला आणि ४,८४३ कोटी रुपये गोठवले. कंपनीने आरोप नाकारले आणि अपील केलं, हेही सांगितलं पाहिजे.

तो आदेश सेबीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. त्यात १७ जानेवारी २०२४ या दिवसाचं वर्णन आहे. बँक निफ्टीच्या ऑप्शनची त्या दिवशी मुदत संपत होती. बाजार खाली उघडला. सेबीच्या म्हणण्यानुसार कंपनीने सकाळी बँकांचे शेअर आणि वायदे मिळून ४,३७० कोटींची निव्वळ खरेदी केली, त्याने निर्देशांक सावरल्यासारखा दिसला. त्याच वेळी ऑप्शनमध्ये तिने त्याच्या कितीतरी पट मोठी, उलट्या बाजूची बाजी उभी केली. दुपारी घेतलेले शेअर विकले, निर्देशांक घसरला. शेअर आणि वायद्यांत सुमारे ६१ कोटींचा तोटा, ऑप्शनमध्ये सुमारे ७३५ कोटींचा नफा.

आता मला सांगा, त्या दिवशी मोबाइलवर चार्ट बघणाऱ्या आपल्या मुलाला काय दिसलं असेल? हिरवी मेणबत्ती. वर्दळ. जेम्स कीनचीच हकीकत, १२३ वर्षांनंतर.

या प्रकरणातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, खरं गुपित कधी क्लासमध्ये आलं नाही. ते कोर्टात आलं, आणि तेही आतली माणसं आपसात भांडली म्हणून. घरचा भेदी लंका दाहे म्हणतात ते यालाच. ज्या गुपितातून वर्षाला शंभर कोटी डॉलर मिळतात, ते कुणी पंधरा हजार रुपये फी घेऊन तीन दिवसांत शिकवेल का? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. समजा गुपित कळलं. तो आदेश आज कुणीही वाचू शकतो. पण ते वापरायला सकाळी ४,३७० कोटी रुपये लागतात. गुपित कळणं वेगळं आणि त्या जागेवर असणं वेगळं.

इथे मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवते. माझे वडील लातूरला एका आडतीत मुनीम होते. त्यांच्या मामांना बैलबाजाराचा नाद. माळेगावच्या जत्रेत हेडी लोक रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायचे हे तुमच्यातल्या जुन्या माणसांना माहीत असेल. मामांना वाटायचं, ही बोटांची भाषा आपल्याला कळत नाही म्हणून आपण फसतो. एका हेड्याशी दोस्ती केली, दोन वर्षं त्याला जेवू-खाऊ घातलं, भाषा शिकून घेतली. पुढच्या जत्रेला गेले. सगळ्या बोली कळत होत्या. आणि बैलजोडी पहिल्यासारख्याच भावाला देऊन आले. का? तर घरी लेकीचं लग्न तोंडावर होतं, पैसे त्याच आठवड्यात पाहिजे होते, आणि हे समोरच्या हेड्याला माहीत होतं. वडील ही गोष्ट सांगून म्हणायचे, "बोटं वाचता आली रे, पण परत फिरता आलं नाही."

आडतीतही त्यांनी हेच पाहिलं. सकाळी माल घेऊन आलेला शेतकरी दुपारपर्यंत भावावर अडून असतो. गावाची मुक्कामाची एसटी सुटायची वेळ झाली की तोच माणूस म्हणतो, द्या काय द्यायचं ते. आडत्या कसा वागतो, ओलावा किती दाखवतो, कडता कुठे लावतो, हे शेतकऱ्याला काय माहीत नसतं? सगळं माहीत असतं. त्याच्याकडे थांबायची सोय नसते. वरून उचल घेतलेली असली की संपलंच.

२०२१ चा उन्हाळा-पावसाळा आठवा. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं. पेपरात फोटो आले. पण तेव्हा किती जणांच्या घरात माल होता? बहुतेकांनी आधीच्या दिवाळीच्या सुमारास विकून टाकला होता. भाव कळला नाही म्हणून ते मागे राहिले का? नाही. थांबता आलं नाही म्हणून. याच गरजेसाठी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, १८० दिवस. हिच्यात गुपित काहीच नाही. पण व्यापाऱ्याशी कसं वागावं यावरच्या दहा व्हिडिओंपेक्षा गोदामाची एक पावती जास्त कामाची आहे, कारण ती तुम्हाला परत फिरायची सोय देते.

अमेरिकेतही हेच दिसतं. मायकेल लुईसच्या 'फ्लॅश बॉइज' या २०१४ च्या पुस्तकात ब्रॅड कात्सुयामा हा बँकेतला ट्रेडर आहे. त्याच्या लक्षात आलं की आपण खरेदीचं बटण दाबलं की समोरचा भाव गायब होतो. वेगवान यंत्रं त्याच्या आधी पोचत होती. त्याने खेळ पूर्ण समजून घेतला. आणि मग काय केलं? युक्ती शिकवायचा क्लास नाही काढला. त्याने वेगळा बाजार उभा केला, आणि तिथे साठ किलोमीटर लांबीच्या तारेचं वेटोळं घालून प्रत्येक ऑर्डरला सेकंदाचा अगदी सूक्ष्म अंश थांबवलं, म्हणजे वेगाचा फायदाच संपला. पुस्तकावर टीकाही झाली, चित्र भडक रंगवलं म्हणून, आणि ती पूर्ण चुकीची नाही. पण खेळ कळल्यावर आतल्या माणसालासुद्धा जागा बदलावी लागली, हे त्यातून घ्यायचं.

आता ऑप्शन विकत घेणाऱ्याची जागा बघा. त्याच्या हातातल्या वस्तूला मुदत आहे. दर तासाला तिची किंमत झिजते. साडेतीनला ती संपते. म्हणजे हा मुक्कामाची एसटी गाठायची असलेला शेतकरीच आहे, फरक एवढाच की एसटीची वेळ त्याने स्वतः पैसे देऊन विकत घेतली आहे.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. २०२३-२४ या वर्षात परदेशी संस्था आणि स्वतःच्या पैशावर खेळणाऱ्या मोठ्या पेढ्या नफ्यात होत्या, आणि त्यांच्या नफ्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग यंत्रांनी कमावलेला होता. त्याच वर्षी या खेळातले ७२ टक्क्यांहून जास्त वैयक्तिक ट्रेडर पहिल्या तीस मोठ्या शहरांच्या बाहेरचे होते. म्हणजे मुंबई-पुण्याचे नव्हेत मंडळी, आपल्यासारख्या गावांचे.

मग आतल्या माणसाचं ऐकूच नये का? ऐकावं. पण मी तीन प्रश्न विचारतो.

एक, हा माणूस पोट कशावर भरतो? बाजारावर की माझ्या फीवर? माझ्या फीवर असेल तर माझी आशा हाच त्याचा माल आहे, आणि मी दर महिन्याला परत यावं यात त्याचा फायदा आहे.

दोन, हा खोटं बोलला तर त्याला पकडणारं कुणी आहे का? कोर्टात शपथेवर बोलणारा, स्वतःच्या नुकसानीचं सांगणारा, नियामकाच्या कागदातून दिसणारा आतला माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने नियम केला की फक्त शिक्षण देतो म्हणणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. तेव्हा कालचा चार्ट दाखवून उद्या काय घ्या असं कुणी सांगत असेल, तर तो मास्तर नाही. तो सल्ला देतोय, आणि त्याची नोंदणी विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

तीन, आणि हा सर्वांत मोठा. हा जे सांगतोय ते वापरायला लागणारी जागा माझ्याकडे आहे का? भांडवल, वेग, थांबायची ताकद?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही आलं, तर आतल्या माणसाकडून घेण्यासारखं जे उरतं ते फार साधं आहे. फेऱ्या कमी मारा. भाव स्वतः ठरवून लिमिट ऑर्डर टाका, मिळेल त्या भावाला घेऊ नका. जिथे घेणारे-विकणारे कमी आणि दोन भावांतलं अंतर मोठं, तिथे जाऊ नका. वर्दळ दिसली की थांबा. ज्याला मुदत आहे असं काही घरखर्चाच्या पैशाने घेऊ नका. हे शिकवायला पंधरा मिनिटं पुरतात, म्हणूनच याचा क्लास निघत नाही.

एवढंच बोलून थांबतो. एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

प्रश्न: सर, मग त्या अहमदपूरच्या मुलाने आता काय करावं?

पहिलं, आज रात्री वडिलांना सांगावं. हे मी सहज म्हणत नाही. सेबीच्या त्याच अभ्यासात आहे की लागोपाठ दोन वर्षं तोटा झालेल्यांपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त लोक खेळतच राहिले. का राहिले? गेलेले पैसे कुणाला कळायच्या आत परत आणायचे म्हणून. जो घरी सांगू शकत नाही त्याला मुदतीच्या आत जिंकावंच लागतं, आणि जिंकावंच लागणारा माणूस मिळेल तो भाव घेतो. वडील रागावतील. एक-दोन दिवस बोलणार नाहीत. पण ज्या माणसाने आयुष्यभर मोंढ्यात एसटीच्या वेळेकडे बघत माल विकला, त्याला ही गोष्ट त्या मुलाला वाटते त्यापेक्षा लवकर समजेल. घरातला सर्वांत जवळचा आतला माणूस तोच आहे. त्याला विचारावं, "बाबा, तुम्ही कधी माल परत घेऊन आला होता का?"